जपून ठेवलंय

आमच्या घरात वस्तू हरवत नसत, 'जपून ठेवलेल्या' असत. किल्ली कुठं आहे? जपून ठेवलीय. रेशनचं कार्ड? तेही जपून ठेवलंय. हे शब्द कानावर पडले की मी पदर खोचायची आणि शोधायला लागायची. कारण ज्यानं जपून ठेवलं, त्याला ते मेलं तरी सापडायचं नाही, एवढं मला लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं.

सोलापुरात भवानी पेठेत आमचं बिऱ्हाड होतं. दोन खोल्या, मागं पत्र्याचं स्वयंपाकघर आणि भिंतीला भिंत लागून एका तेलुगू विणकराचं घर. त्यांच्या मागांची खटखट दिवसभर आमच्या भांड्यांतून वाजत राहायची. घरात आम्ही पाच जण. सासूबाई, ज्यांना आम्ही दोघी सुना आत्याबाई म्हणायचो. आमचे हे, गिरणीत कामाला. धाकटे दीर एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. मी थोरली. आणि दिरांची बायको, माझी धाकटी जाऊ. ती अक्कलकोटकडची. तिच्या माहेरी निम्मं कानडी बोलत, म्हणून मला ती वहिनी न म्हणता अक्का म्हणायची.

मी बार्शीची. वडील अडत दुकानात दिवाणजी. आमच्या माहेरी अंधारात हात घातला तरी तो मेथीच्याच डब्यावर पडायचा. त्यामुळं नीटनेटकेपणाचा मला गर्व होता आणि जिभेला धारही होती. लग्न होऊन आले तेव्हा या घरात माझ्याशी दोन शब्द बोलणारं कुणी नव्हतं. आत्याबाई आज्ञेपुरतं बोलत. हे घरी आले की जेवत आणि भिंतीकडं बघत कसलातरी विचार करत. मग पाच-सहा वर्षांनी जाऊ आली आणि घराला कंठ फुटला.

काय सांगू तिचं! भाकरी थापता थापता ती गोष्ट सांगायची, गोष्टीच्या मधेच तिला वाळत घातलेल्या मिरच्या आठवायच्या, मिरच्या आणायला गेली की विणकराच्या घरचं रडणारं पोर उचलायची, आणि इकडं तव्यावर भाकरीचा कोळसा. वाकळ शिवायला बसली तर मात्र हाक मारली तरी ऐकू जायचं नाही, जेवणाचीही शुद्ध नसायची. गल्लीत कुणी पडलं-झडलं तर सगळ्यांत आधी हीच धावायची, एका पायात चप्पल घालून. दूध तिनं तापवायला ठेवलं की ते मांजराच्या किंवा स्टोव्हच्याच नशिबात. डाळीत मीठ दोनदा. मी चिडायची, बोलायची, आणि थोड्या वेळानं आम्ही दोघी भांडी घासताना हसत असायचो. मला ती हवी होती. एवढं साधं आहे ते.

माझी नात हल्ली मला सांगते की अशा माणसांना एडीएचडी असतं, त्यांचं डोकं वेगळ्या चालीनं चालतं. असेल. तेव्हा आमच्याकडं त्याला एकच शब्द होता, वेंधळी.

त्या वर्षी संक्रांतीनंतर आत्याबाईंनी हळदीकुंकू करायचं ठरवलं. गल्लीतल्या सगळ्या बायकांना बोलावणं गेलं. वाण म्हणून तांबडे प्लॅस्टिकचे कुंकवाचे करंडे आणले होते. तेव्हा प्लॅस्टिकचं अप्रूप होतं, आमच्या गल्लीत तसलं वाण कुणी लुटलं नव्हतं. आत्याबाईंनी ठेवणीतलं इरकली लुगडं नेसलं होतं आणि सतरंजीवर बसलेल्या एकेकीकडं अशा बघत होत्या की आता बघाच तुम्ही.

हळद लागली, कुंकू लागलं, तिळगूळ झाला. जाऊ वाण आणायला आत गेली, ती बाहेर येईना. मी आत गेले. भिंतीतलं फडताळ सताड उघडं, त्यातले सगळे डबे जमिनीवर, आणि मधोमध ती बसलेली.

"अक्का," ती म्हणाली, "जपून ठेवलेते हो."

आम्ही दोघींनी पिठाचे डबे चाळले, लग्नाचं पातेलं पालथं घातलं, अंथरुणांची वळकटी सोडली. करंडे नाहीतच. बाहेर बायका हळूहळू उठल्या. "असू द्या की, तिळगूळ घेतला की आमी," असं एक जण गोड आवाजात म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तरी आत्याबाईंना परवडलं असतं.

संध्याकाळी दोघे भाऊ जेवायला बसले तेव्हा आत्याबाई उंबऱ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"पाडव्याला चूल येगळी करायची. धाकट्यानं खोली बघावी. माजं घर हाय का जत्रंचं मैदान? मला आता हे बघवत न्हाय."

दीर खाली मान घालून भाकरी मोडत राहिले. आमचे हे म्हणाले, "कशाचा पाडवा?" त्यांनी त्यातलं काहीच ऐकलं नव्हतं.

भांडी घासताना जाऊ त्या दिवशी हसली नाही. राखेचे हात तसेच ठेवून म्हणाली, "अक्का, मला खोलीचं वाईट न्हाय वाटत. पर मी एकटी असले की स्टो पेटवीन आन कुटंतरी निघून जाईन. मला माजंच लई भ्या वाटतं."

हे ती उगीच म्हणत नव्हती. दिवाळीच्या आधी स्टोव्हपाशी वाळत टाकलेला टॉवेल पेटला होता आणि मी तिथं होते म्हणून विझला होता. वेगळ्या खोलीत ती आणि तो पेटता स्टोव्ह, दोघंच, असं चित्र डोळ्यांपुढून हलेना.

मग मी कामाला लागले, आणि अर्थातच चुकीच्या टोकाकडून. माहेरची रीत आणली. सगळ्या डब्यांना घट्ट झाकणं, डबे उंचीप्रमाणं, फडताळाची दारं बंद. घर असं दिसायला लागलं की आत्याबाईसुद्धा क्षणभर थांबून बघायच्या. आणि जाऊ पार हरवली. झाकलेल्या डब्यांपुढं ती अशी उभी राहायची की जणू परगावच्या स्टँडवर उतरलीय. लोक सहज म्हणतात, दृष्टीआड सृष्टी. तिच्या बाबतीत दृष्टीआड गेलं की सृष्टीच उरत नव्हती. एकदा घरात भरपूर तूर डाळ असताना तिनं शेजारून उसनी आणली, कारण डबा मागच्या रांगेत होता.

चार-आठ दिवसांत सगळं विस्कटलं. मी तिला नको नको ते बोलले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुकाट्यानं यांच्या जाण्याची तयारी करायला लागले. गिरणीचा पहिला भोंगा झाला की यांचा डबा दाराच्या कडीला अडकवायचा. त्यावर गिरणीचा पास असलेली पिशवी. पिशवीवर टोपी. म्हणजे ते सगळं हातात घेतल्याशिवाय दारच उघडत नसे. चपला उंबऱ्याच्या बरोबर मधे, नाहीतर गडी अनवाणी गिरणीत पोचायचा, पोचलाही होता. दुसरा भोंगा झाला की मी नुसतं "अहो" म्हणायचं. हे मी रोज करत होते, आणि त्याला काही करणं म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं.

कडीला डबा अडकवताना माझा हात तिथंच थांबला. ही युक्ती माझी नव्हती. मी या घरात आले तेव्हा आत्याबाई डबा तिथं अडकवत होत्या. त्याच्या आधी, यांच्या लहानपणी, शाळेची पाटी दोरीनं कडीला बांधत होत्या, हे त्यांनीच मला कौतुकानं सांगितलं होतं.

हे गेल्यावर मी आत्याबाईंच्या पुढ्यात जाऊन बसले. त्या शेंगा फोडत होत्या.

"आत्याबाई, यांचा डबा कडीला पहिल्यांदा कुणी अडकवला?"

"मीच की. इसरभोळा हाय त्यो. भोळा शंकर हाय माजा."

"आन धाकटी?"

"ती येंधळी हाय."

"दोघांचं होतंय ते एकच की. त्यो इसरला तर भोळा आन ती इसरली तर येंधळी?"

"त्यो गडी हाय."

"गड्याचं डोकं निराळ्या मातीचं असतंय व्हय?"

आत्याबाईंनी शेंगांचं सूप माझ्याकडं ढकललं आणि उठून गेल्या. मला वाटलं आता दोन्ही सुनांची रवानगी. पण दुपारी तोंड न वळवता म्हणाल्या, "कर काय करायचं ते. पाडवा काय लांब न्हाय."

रविवारी मी दिरांना स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसवलं आणि फडताळाची दारं काढायला लावली. ते बिचारे वर्कशॉपमध्ये आख्ख्या एसटीचे दरवाजे उतरवत, पण हे उतरवताना आईकडं दहा वेळा बघत होते. झाकणाचे डबे माळ्यावर गेले. कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून गोळ्या-बिस्किटांच्या रिकाम्या काचेच्या बरण्या आणल्या. डाळ डाळीसारखी दिसू लागली, गूळ गुळासारखा. भिंतीभर खुंट्या ठोकल्या. चाळणी, उलथणं, झारा, कात्री, सगळं टांगलं. दाराजवळ एक मोठी परात मांडली आणि घरात सांगून टाकलं, की जे कुठं ठेवायचं सुचत नाही ते इथं टाकायचं, कुणी काही जपून ठेवायचं नाही. तो शब्दच मी घरात बंद केला. आमचे हे दोन दिवस परातीत पाय घालत होते, मग त्यांना ती इतकी आवडली की गिरणीतून आले की खिसेच तिथं उलटे करायचे.

गल्लीत चर्चा झालीच. "काय हो, तुमच्या फडताळाला लुगडं न्हाय?" असं एकीनं नळावर विचारलं. आत्याबाई घरी येऊन म्हणाल्या, "घर हाय का वाण्याचं दुकान?" मी म्हटलं, "वाण्याला काय सापडत न्हाय असं कधी ऐकलंय का?"

वेळ ही तिची दुसरी अडचण. घड्याळ आमच्याकडं होतं, पण तिला घड्याळ बघायचंच सुचत नसे. कानाला मात्र सगळं ऐकू यायचं. म्हणून तिचा दिवस आम्ही कानावर बसवला. पहिल्या भोंग्याला चहाचं आधण, दुसऱ्याला पीठ मळायचं. शेजारचे माग जेवणासाठी थांबले की भात. नळाला पाणी आलं की स्टोव्ह आधी बंद, मग घागर. मीठ फक्त मी घालायचं. दूध फक्त आत्याबाईंनी तापवायचं, आणि तो मान त्यांनी काहीही न बोलता घेतला.

तरी एवढ्यानं भागलं नसतं. खरी गोष्ट मला तिच्याच तोंडून कळली. तिला काम सुरू करता यायचं नाही असं नव्हतं, ते शेवटाला नेता यायचं नाही. पण मी शेजारी नुसती बसले, काही केलं नाही, बोललेही नाही, तरी ती सगळ्या भाकऱ्या एकही न करपवता करायची. मी उठले की तीही कुठंतरी उठून जायची.

"अक्का, बर्री," ती स्वयंपाकघरातून हाक मारायची. बर्री म्हणजे कानडीत या. "जरा सोबतीला बसा की."

सुरुवातीला मला राग यायचा. एवढी मोठी बाई, हिला सोबत कशाला? मग मी निवडायच्या तांदळाचं सूप घेऊन बसायला लागले. माझंही काम व्हायचं. खरं सांगते, ती दुपार, तो मागांचा आवाज, भाकरीचा वास आणि ती सांगत असलेली कधीही न संपणारी गोष्ट, याच्याइतकं सुख मला त्या घरात आधी मिळालं नव्हतं. यांनाही तसंच लागायचं हे मग लक्षात आलं. दाढी करतानासुद्धा हे मला समोर बसवून घ्यायचे, आणि मला आपलं वाटायचं की प्रेम आहे.

आत्याबाई हे सगळं बघत होत्या. पण पाडव्याचा शब्द त्यांनी मागं घेतला नाही. दिरांनी शुक्रवार पेठेत एक खोली बघून ठेवली. जाऊ ती बघून आली आणि म्हणाली, "चांगली हाय. खिडकी बी हाय." आणि दिवसभर गोष्ट सांगितली नाही.

पाडव्याच्या तोंडावर माझ्या भावाच्या मुलाचं बारसं निघालं. बार्शीला बारसं, न जाऊन कसं चालेल? निघताना माझा पाय उंबऱ्यातून निघेना. घरात मी नाही, म्हणजे मीठ कोण घालणार, सोबतीला कोण बसणार? हे तर दोन्ही हातांनी घर पेटवायला मदत करतील. जाऊ म्हणाली, "जावा अक्का, काय हुत न्हाय." तिचा चेहरा मात्र काहीतरी होणार असाच होता. आत्याबाई खाटेवर बसून होत्या. खाटेखाली त्यांची लोखंडी ट्रंक. तिला कुणी हात लावत नसे, किल्ली त्यांच्या कनवटीला. त्या ट्रंकेत एक पितळी घंटी होती, एवढं आम्हाला माहीत होतं. आत्याबाई सांगोल्याकडच्या, वडिलांची शेरडं-मेंढरं होती. कळपातल्या एका शेळीच्या गळ्यातली ती घंटी त्यांनी लग्नात बरोबर आणली होती. कधी मनात आलं तर काढून पुसायच्या आणि परत ठेवून द्यायच्या.

बार्शीत मी बाळाचं नाव नीट ऐकलंसुद्धा नाही. भावजय म्हणाली, "वन्सं, तुमचं ध्यान कुटं हाय?" मी म्हटलं, "स्टोव्हवर."

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळची एसटी धरून मी सोलापूरला आले. पेठेत शिरले तेव्हा माग चालू होते. घरासमोर हातगाडी उभी आहे का, सामान बाहेर काढलंय का, ते मी लांबूनच बघत होते. काही नव्हतं. दार ढकललं तशी खणकन घंटी वाजली.

दारामागच्या खुंटीला घराची किल्ली होती, आणि किल्लीला पितळी घंटी बांधलेली. मी ती हातात धरून उभी राहिले. तेवढ्यात नजर फडताळाकडं गेली. दारं नसलेल्या त्या फडताळात, सगळ्यांत वरच्या फळीवर, तांबडे करंडे ओळीनं मांडले होते.

स्वयंपाकघरात जाऊ भाकरी थापत होती. तिच्या शेजारी पाटावर आत्याबाई, मांडीवर शेंगांचं सूप. मी पिशवी खाली ठेवली.

"करंडे कुठं सापडले?"

जाऊनं मान खाली घातली आणि भाकरी जरा जास्तच जोरात थापायला लागली. तिचे खांदे हलत होते.

"सापडले," आत्याबाई म्हणाल्या.

"अहो पण कुठं?"

"आस्त्यात की कुटंतरी. कुनीतरी जपून ठेवलंते."

"कुणी?"

आत्याबाईंनी एक शेंग फोडली, दाणे सुपात टाकले, टरफलं बाजूला सारली.

"गुडीसाठी खण काडायला ट्रंक उगाडली, तर खणाखाली." मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "ट्रंकंची किल्ली कुनाकडं आस्ती?"

तेव्हा जाऊला राहवलं नाही. ती पिठाच्या हातानं तोंड दाबून हसायला लागली. मीही हसले. गडबडीत कुणी पाय देईल म्हणून जाऊनंच हळदीकुंकवाच्या आधी करंडे आत्याबाईंच्या हातात दिले होते, "जपून ठेवा" म्हणाली होती. दोघीही साफ विसरल्या होत्या. एकीला घर सोडायची पाळी आली होती आणि दुसरीनं ती आणली होती. मी मनात म्हटलं, भोळा शंकर कुणावर गेलाय ते आत्ता कळलं. तोंडावर म्हणायचं धाडस माझ्यातही नव्हतं.

पण एक गोष्ट विचारल्याशिवाय मला राहवेना.

"मग उद्या चूल?"

आत्याबाईंनी आणखी मूठभर शेंगा पुढ्यात ओढल्या. शेजारचे माग थांबले, जेवायची वेळ झाली होती, आणि जाऊनं न सांगता हात धुऊन भाताचं आधण ठेवलं. आत्याबाईंनी ते बघितलं.

"आमच्या कळपात एक शेरडू हुतं," त्या म्हणाल्या. "लई हिंडायचं. कुटंबी जायचं. म्हून काय बानं ते इकलं न्हाय. मारलंबी न्हाय. गळ्यात घंटी बांदली, आन मग रानभर हिंडू दे, आमाला ऐकाया यायचं." दारामागच्या खुंटीकडं त्यांनी हनुवटी उडवली. "तीच ही."

डोळे भरून आले, ते मी प्रवासाच्या धुळीवर ढकललं. शुक्रवार पेठेतली खिडकीवाली खोली दुसऱ्या कुणाला तरी गेली. दिरांनी दुसऱ्या दिवशी गुढी बांधली, तिच्यावर तांब्या पालथा घालायचं आमचे हे विसरले, आणि घरात कुणी त्यांना काही म्हटलं नाही.

ते उद्याचं. त्या दुपारी मी हातपाय धुऊन स्वयंपाकघराच्या दारात आले. बऱ्याच भाकऱ्या थापायच्या राहिल्या होत्या. जाऊनं सवयीनं हाक दिली, "अक्का, बर्री, जरा सोबतीला बसा की."

मी पाट ओढणार तोच आत्याबाई म्हणाल्या, "ती दमून आलीया. पडू दे तिला वाईच. मी हाय की."